पाळीच्या गोळ्यांमुळे दिवस राहत नाहीयेत का?

पत्र थोडक्यात असं आहे. पत्र लिहिणारी ३२ वर्षांची, लग्नाला चार वर्षं झालीत, एका पतसंस्थेत नोकरी करते. गेले चौदा महिने मुलासाठी प्रयत्न चालू आहेत. नववीत असल्यापासून पाळीत पोट इतकं दुखतं की दर महिन्याला 'पाळीच्या' चार-पाच गोळ्या लागतात, शिवाय गेली दोन वर्षं कंबर धरते म्हणून मेडिकलमधून आणलेली आणखी एक गोळी अधूनमधून चालू असते. दोन गोष्टी तिच्या मनाला लागून राहिल्यात. फॉलिक्युलर स्टडीत, म्हणजे बीज कसं वाढतंय ते बघायच्या सोनोग्राफीत, एका महिन्यात बीज छान वाढलं पण फुटलंच नाही. आणि दिवाळीच्या आधी टेस्टवर फिकटशी दुसरी रेघ आली होती, पण पाच दिवसांत पाळी आली, आणि नेमकं त्याच आठवड्यात दाढ दुखत होती म्हणून दोन दिवस गोळ्या खाल्लेल्या. जाऊ म्हणाली, "एवढ्या गोळ्या खाल्ल्यास, पिशवी कोरडी पडली असेल." तेव्हापासून चार महिने तिने एकही गोळी घेतलेली नाही, पाळीच्या दिवशी ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या लेजरांच्या मागे चटई टाकून पडून राहते. ती विचारते, ताई, माझंच चुकलं का? झालेलं नुकसान भरून येईल का? आणि दिवस राहिलेच तर कुठली गोळी चालेल, कारण क्रोसिनने मुलाला ऑटिझम होतो असंही वाचलंय.

अगं, तू ताई म्हणालीस म्हणून तुला एकेरीच लिहिते. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, पण हे सदर लिहायला लागायच्या आधी चौदा वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी होते, आणि तुझ्या पत्रातल्या दोन्ही गोळ्या मी इतक्या वेळा कापून दिल्यात की त्या कात्रीचा आवाज अजून कानात आहे.

त्या कात्रीपासूनच सुरू करते, कारण तुझ्या पत्रात एक गोष्ट मला फार ओळखीची वाटली. तू लिहिलंयस 'पाळीची गोळी' आणि 'कंबरेची पिवळी गोळी'. नाव नाही. नाव तुला माहीतच नसणार, कारण आम्ही दुकानदार दहाच्या स्ट्रिपमधून दोन कापून देतो तेव्हा नाव एका तुकड्यावर जातं, एक्सपायरी दुसऱ्यावर आणि तुझ्या हातात राहतात नुसत्या चंदेरी कागदातल्या दोन गोळ्या. कागदोपत्री यातल्या बऱ्याचशा गोळ्या प्रिस्क्रिप्शनशिवाय द्यायच्याच नाहीत, पण पाळीसाठी म्हटलं की कुणी चिठ्ठी मागत नाही, मीपण मागितली नाही कधी. एकदा एक मुलगी कंबरदुखीची गोळी घेऊन गेली आणि तीन आठवड्यांनी दिवस राहिल्यावर देतात त्या फॉलिक अॅसिडची चिठ्ठी घेऊन आली, तेव्हा मनात हिशोब केला आणि घशाखाली चहा उतरेना. तिचं पुढे सगळं नीट झालं, पण "दिवस राहायची शक्यता आहे का" हे पाच शब्द विचारायला मला त्या दिवसानंतर सवय लागली, आधी नव्हती.

तर आधी ओळख करून घेऊ. पाळीसाठी जी गोळी सर्रास मिळते तिच्यात मेफेनॅमिक अॅसिड असतं, सोबत पेटके कमी करणारं डायसायक्लोमिन. कंबरेसाठी जे देतात त्यात बहुतेक वेळा अॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. अॅसिक्लोफेनॅक म्हणजे डायक्लोफेनॅकची सख्खी बहीण. दाताच्या दुखण्याला आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली, कॉम्बिफ्लाम जशी. आता यात दोन घराणी आहेत हे लक्षात ठेव. मेफेनॅमिक, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब, निमेसुलाइड ही सगळी एका घराण्यातली, सूज आणि दुखणं दोन्ही उतरवणारी. पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल, हे वेगळं घराणं. 'पेनकिलर' या एका शब्दात आपण दोघांना कोंबतो आणि तिथेच घोळ होतो.

पहिलं घराणं काम कसं करतं हे कळलं की तुझं ते न फुटलेलं बीज कळेल. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार होतात, पाळीत गर्भाशय पिळवटतं ते त्यांच्यामुळे. या गोळ्या ते तयारच होऊ देत नाहीत म्हणून कळ थांबते (१९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी अॅस्पिरिनबद्दल हे शोधून काढलं, पुढे १९८२ मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं). पण हेच पदार्थ महिन्याच्या मधे एक महत्त्वाचं काम करतात. तेरड्याचं पिकलेलं बोंड बोट लावलं की टचकन फुटतं बघ, तसं बीजकोशावरचं बीजाचं बोंड फुटायलाही प्रोस्टाग्लँडिन लागतात. नेमक्या त्या दिवसांत गोळी चालू असेल तर बोंड पिकतं, टम्म होतं, आणि फुटत नाही. सोनोग्राफीवाले त्यालाच 'रप्चर झालं नाही' म्हणतात.

यावर बगदादमध्ये एक छोटा अभ्यास झाला होता, २०१५ मध्ये संधिवाताच्या डॉक्टरांच्या युरोपियन परिषदेत तो मांडला गेला. ३९ बायका, सगळ्यांची तक्रार साधी कंबरदुखी, म्हणजे अगदी तुझ्यासारख्याच. पाळीच्या दहाव्या दिवसापासून दहा दिवस त्यांना डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन किंवा एटोरिकॉक्सिब दिलं. डायक्लोफेनॅकवाल्यांपैकी जेमतेम ६ टक्के जणींचं बीज फुटलं, बाकी दोन औषधांत साधारण चौथा हिस्सा. ज्यांना गोळी दिली नव्हती त्यांचं सगळ्यांचं फुटलं. अभ्यास लहान आहे, त्यावरून सगळ्या जगाचा निकाल लावता येत नाही, पण दिशा दाखवतो.

आता तू आठव. ज्या महिन्यात बीज फुटलं नाही त्या महिन्यात कंबरेची गोळी चालू होती का? तू लिहिलंयस की तो मार्च होता. पतसंस्थेत मार्चएंडला कंबर धरत नाही असा माणूस मला दाखव! माझी खात्री नाही पण शंका दाट आहे, आणि वाईट याचं वाटतं की सोनोग्राफी करणाऱ्यांनी तुला काय खातेस हे विचारलं नाही आणि तुलाही ते सांगायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

पण इथेच तू जो अर्थ काढतेयस तो मला पटत नाही. तू नववीपासूनच्या गोळ्यांची बेरीज मांडलीयस, अठरा वर्षं गुणिले बारा गुणिले पाच, हजाराच्या वर गेली म्हणून घाबरलीस. पतसंस्थेत आहेस म्हणून साचत गेलेलं व्याज डोळ्यासमोर येत असेल, पण या गोळ्यांचं तसं खातं नसतं गं. बहुतेक गोळ्या दिवस-दोन दिवसांत शरीराबाहेर जातात आणि बीज न फुटण्याचा जो परिणाम असतो तो त्याच महिन्यापुरता, गोळी बंद केली की पुढचं बीज आपलं फुटतं. आणि पाळीची गोळी तू घेतेस पहिल्या-दुसऱ्या दिवशी, तुझं चक्र तीस दिवसांचं, म्हणजे बीज फुटायची वेळ सोळाव्या दिवसाच्या आसपास. मधे दोन आठवडे! नववीपासूनच्या त्या हजार गोळ्या या प्रश्नात येतच नाहीत, आल्या तर कंबरेच्या येतात, त्यासुद्धा मधल्या दिवसांतल्या. आणि 'पिशवी कोरडी पडणं' असा आजारच नाहीये. जाऊबाईंना सांगू नकोस, वाद होतील.

दिवाळीच्या आधीच्या त्या रेघेबद्दल लिहिताना माझा हात जरा थांबला. तू त्याला 'काही नव्हतंच बहुतेक' असं लिहिलंयस, पण होतं, पाच दिवस होतं, आणि तुला त्याचं दुःख करायचा पूर्ण हक्क आहे. गोळीने झालं का? २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोकडच्या १०५५ बायकांचा अभ्यास आला होता, त्यात गरोदरपणात पहिल्या घराण्यातल्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये गर्भपाताचं प्रमाण ८० टक्क्यांनी जास्त दिसलं, पॅरासिटामॉल घेणाऱ्यांमध्ये तसं दिसलं नाही. आकडा भीतीदायक आहे पण त्यात अशा गोळ्या घेतलेल्या बायका होत्या फक्त ५३. आणि दुसरी अडचण अशी की गर्भ पडायला लागला की आधी पोटात-कंबरेत दुखायला लागतं, म्हणून बाई गोळी घेते, मग पाळी येते, आणि वहीत नोंद होते की गोळी घेतली आणि गर्भ गेला. कोण आधी कोण नंतर हे सोडवणं अशा अभ्यासांना फार जड जातं. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात त्यातले जवळजवळ निम्मे क्रोमोसोमच्या जुळणीतच चूक झाल्यामुळे जातात, तिथे आईने काय खाल्लं काय नाही याचा काही संबंध नसतो. तुझा त्यातला होता की नाही हे मला किंवा कुणालाच आता सांगता येणार नाही, पण दोन दिवसांच्या दाढदुखीच्या गोळ्यांवर तू स्वतःला फाशी देऊ नयेस इतकं नक्की सांगता येतं. पुढच्या वेळी काळजी घेऊ, बस.

आणि आता जे मला खरं विचारायचंय ते. अठरा वर्षं तुझं पोट इतकं का दुखतंय, हे कुणी बघितलं का?

पत्र मी तीनदा वाचलं. त्यात गोळ्यांचे आकडे आहेत, नवऱ्याचं आहे, जावेचं आहे, पण दुखण्याबद्दल एकच ओळ, 'सगळ्यांनाच दुखतं म्हणा'. नाही गं. सगळ्यांना चटई टाकून पडावं लागत नाही. नववीतल्या मुलीला शाळेतून घरी पाठवतात तेव्हा आई म्हणते लग्न झालं की थांबेल, लग्न झालं की सासू म्हणते बाळंतपण झालं की थांबेल, आणि मधे एंडोमेट्रिओसिससारखा आजार आरामात मुरत बसतो. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, बीजकोशावर, आतड्यावर वाढतं, बीजकोशात झालं की आपल्याकडे त्याला 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. निदान व्हायला सात-आठ वर्षं सहज जातात, आणि हा आजार दिवस राहण्याच्या आड येतो. म्हणजे बघ, गोळी आणि दिवस न राहणं ही दोन्ही एकाच दुखण्याची पोरं असू शकतात, आणि तू एका पोराला दुसऱ्याचा बाप ठरवून बसलीयस. तुला हेच आहे असं मी म्हणत नाही. पण पाळीत शी करताना कळ येते का, संबंधाच्या वेळी आत खोल दुखतं का, पाळीच्या आधी दोन-तीन दिवसच कंबर धरते का (ती पतसंस्थेची खुर्ची नसेलही!), हे तीन प्रश्न स्वतःला विचार आणि उत्तरं स्त्रीरोगतज्ज्ञांसमोर न लाजता सांग. साधी सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून हा आजार नाही असं होत नाही, हेही माहीत असू दे.

चार महिने सोसलंस त्याने काय मिळालं सांगू? काही नाही. पहिल्या दिवशी पाळी नीट, नेहमीसारखी सुरू झाली की त्या दोन दिवसांत गोळी घेतल्याने पुढच्या बीजाचं काही बिघडत नाही. फक्त एक, नुसते डाग असतील किंवा नेहमीपेक्षा कमी असेल तर आधी टेस्ट कर, कारण कधीकधी दिवस राहिलेले असतात आणि डाग पाळीसारखे वाटतात. उपाशीपोटी घेऊ नकोस, आणि ती दुखणं टिपेला पोचल्यावर घेण्यापेक्षा सुरू होतानाच घेतली तर कमी गोळ्यांत भागतं. दमा, अल्सर किंवा किडनीचं काही असेल तर या घराण्याच्या वाटेलाच जायचं नाही. अंगावर पुरळ, ताप, गाठी असं काही उठलं तर गोळी बंद करून लगेच डॉक्टर, मेफेनॅमिक अॅसिडच्या अशा रिअॅक्शनबद्दल आपल्या इंडियन फार्माकोपिया कमिशननेच, म्हणजे औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनेच, २०२३ च्या शेवटी सावध केलं होतं. दुर्मिळ आहे, पण माहीत असावं.

पाळी संपली की मात्र पुढची पाळी येईपर्यंत पहिलं घराणं बंद. आधी बीज फुटायचं असतं, मग रुजायचं असतं, आणि मग आपल्याला कळायच्या आत दिवस राहिलेले असू शकतात. कंबरेला त्या काळात शेक, खुर्चीत पाठीमागे उशी, तासाला एकदा उठून कूलरपर्यंत चक्कर, आणि फारच झालं तर साधं पॅरासिटामॉल. मेडिकलमध्ये 'कंबरेची गोळी' मागायची नाही, 'फक्त पॅरासिटामॉल, दुसरं काही मिसळलेलं नको' असं बोलायचं, आणि अख्खी स्ट्रिप घ्यायची, म्हणजे नाव हातात राहील. मायग्रेन असणाऱ्या वाचकांनी इथे कान टवकारा: डोकेदुखीच्या काही गोळ्यांत अर्गोटामिन असतं, ते गर्भाशय आकुंचन करतं, प्रेग्नन्सीत अजिबात चालत नाही. आणि मायग्रेन येऊ नये म्हणून कुणी व्हॅल्प्रोएट घेत असाल तर प्रयत्न सुरू करायच्या आधीच डॉक्टरांशी बोला, मनाने बंद मात्र करू नका.

नवरोबा. 'ते म्हणतात मला काय झालंय' असं तू लिहिलंयस, आणि दुसऱ्या पानावर लिहिलंयस की ते टर्फवर क्रिकेट खेळतात आणि गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन खातात. त्यांना हे वाचायला दे. २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ३१ तरुण पुरुष, त्यातल्या काहींना रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन, सहा आठवड्यांपर्यंत. टेस्टोस्टेरॉन तेवढंच राहिलं पण ते तेवढं ठेवायला मेंदूला जास्त हॉर्मोन सोडून वृषणांना ढकलावं लागत होतं. रविवारच्या एका गोळीने असं होत नाही, रोजचं असेल तर थांबवलेलं बरं. जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असतील तर ती आयबुप्रोफेनपेक्षा शंभरपट मोठी भानगड आहे, शुक्राणू तयार होणंच बंद पडू शकतं. आणि चौदा महिने झाल्यावर सिमेन टेस्ट ही काही मर्दानगीची परीक्षा नाही, दोन ते सात दिवसांचा खंड ठेवून एक डबी भरून द्यायची, तुझ्या सोनोग्राफ्या आणि इंजेक्शनांपुढे ते काहीच नाही. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत की दोघांची तपासणी करायची असते, पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांतच.

दिवस राहिल्यावरचं आता. पहिल्या घराण्यातलं काहीही मनाने नाही, अगदी दातवाल्या डॉक्टरांनी दिलं तरी 'मी प्रेग्नंट आहे' म्हणून सांगायचं. विसाव्या आठवड्यानंतर तर पक्कं नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, ऑक्टोबर २०२० मध्ये तसा इशारा दिला, कारण बाळाभोवतीचं पाणी तोवर मुख्यतः बाळाच्या किडनीतून येत असतं, आणि या गोळ्यांनी किडनीचं काम मंदावून पाणी कमी होऊ शकतं. गोळी थांबवली की बहुतेक वेळा ते भरून येतं. शेवटच्या तीन महिन्यांत आणखी एक धोका असतो, बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जन्मानंतर मिटायची असते ती पोटातच मिटायला लागते. आणि बायकांनो, डायक्लोफेनॅकचं जेलसुद्धा याच घरातलं. पपई नुसती घरात आणली तरी ओरडणाऱ्या सासवा सुनेच्या कंबरेला प्रेमाने तेच जेल चोळून देताना मी पाहिल्यात.

जाऊबाई म्हणतात मला तर डॉक्टरांनी सातव्या महिन्यापर्यंत अॅस्पिरिन दिली होती. दिली असेल, बरोबरच आहे. बीपी वाढून प्रीएक्लॅम्पसिया व्हायची शक्यता असते तेव्हा ७५ किंवा १५० मिलिग्रॅमची छोटी गोळी मुद्दाम देतात, ती दुखण्यासाठी नसते आणि ती कुणाचं वाचून बंद करायची नसते. तीच अॅस्पिरिन डोकेदुखीच्या मोठ्या डोसमध्ये मात्र घ्यायची नाही.

आणि क्रोसिन. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की गरोदरपणी टायलेनॉल, म्हणजे आपलं पॅरासिटामॉलच, घेऊ नका, ऑटिझमशी संबंध आहे. दोनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केलं की तसा ठोस पुरावा नाही. काही अभ्यासांत संबंध दिसतो हे खरंय, ते लपवायचं कारण नाही. पण स्वीडनमध्ये १९९५ ते २०१९ मध्ये जन्मलेल्या जवळजवळ २५ लाख मुलांचा अभ्यास २०२४ मध्ये आला, त्यातही आधी वरवर किंचित फरक दिसत होता, आणि मग त्यांनी सख्ख्या भावंडांची तुलना केली, एकाच्या वेळी आईने पॅरासिटामॉल घेतलेलं, दुसऱ्याच्या वेळी नाही, तर फरक नाहीसा झाला. घर तेच, जीन्स बरेचसे सारखे, आई तीच. उलट पहिल्या तीन महिन्यांत ताप अंगावर काढणं बाळाला चांगलं नाही. म्हणून ताप आला, खरंच दुखलं, तर कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं हे विसरून दोन्ही एकदम खायच्या नाहीत. दोन दिवसांच्या वर लागायला लागलं तर फोन डॉक्टरांना, मला किंवा गूगलला नाही. टेस्ट पॉझिटिव्ह असताना एका बाजूला जोरात दुखायला लागलं, खांदा दुखतोय, चक्कर येतेय असं झालं तर गोळी शोधत बसू नकोस, तडक हॉस्पिटल, गर्भ नळीत असू शकतो.

डॉक्टरांकडे जाताना घरातले सगळे कापलेले तुकडे एका पिशवीत घालून ने, कपाटातले, पर्समधले, ऑफिसच्या ड्रॉवरमधले. कॅलेंडरच्या चौकटीत गेल्या तीन महिन्यांची पाळी, दुखण्याचे दिवस आणि तेव्हा काय काय बंद झालं ते लिही, जेवण, ऑफिस, झोप. 'दुखतं' म्हटलं की समोरचा मान डोलावतो, 'दोन दिवस लेजरांच्या मागे चटईवर पडून होते' म्हटलं की पेन उचलतो. आणि पुढच्या पाळीला पहिल्या दिवशी पोटभर जेव, गोळी घे, सुट्टी टाक. मॅनेजरला खरं कारण सांगायला लाज वाटत असेल तर कंबर म्हण, तीही काही खोटी नाही.